कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फौंड्रीतली ठेकेदार-कंत्राटी कामगार सॉफ्टवेअर प्रणाली : प्रकल्प नोंदी, जून ते डिसेंबर २०२४ (कायदे आणि दर त्या वेळचे)

३ जून, सोमवार

शिरोली एमआयडीसीत पहिली बैठक झाली. फौंड्री (धातू वितळवून कास्टिंग ओतणारा कारखाना) मध्यम आकाराची. मोल्डिंग, कोअर शॉप, फर्नेस आणि ऑफिस कंपनीच्या पगारावर. फेटलिंग (कास्टिंगच्या कडा घासणं), शॉट ब्लास्टिंग, लोडिंग-अनलोडिंग, हाऊसकीपिंग आणि कॅन्टीन ठेकेदारांकडे. कायम कामगारांपेक्षा कंत्राटी जास्त. शिरोलीत काय, गोकुळ शिरगावात काय, यात कुणाला नवल वाटणार नाही.

महिनाअखेरीला काय होतं ते नीट विचारून घेतलं. ठेकेदार तीन-चार तारखेला बिल आणून देतो. एचआर मॅडम ते गेटच्या रजिस्टरशी ताडून बघतात, टाइम ऑफिसमधले काका मुकादमाच्या वहीशी. तीन कागद, तीन आकडे. मग फोनाफोनी, मग 'बसून मिटवू', आणि कुठलातरी मधला आकडा ठरतो. त्या मधल्या आकड्यात नेमकी कुणाची हजेरी गेली हे कोणीच सांगू शकत नाही.

मालकांना 'बिल तपासणारं सॉफ्टवेअर' हवंय. मी म्हटलं, बिल तपासत बसण्यापेक्षा आपणच काढू. रोजच्या हजेरीवरून बिल तयार होईल आणि ते ठेकेदारानं तपासावं. ते म्हणाले, "ठेकेदार ऐकतील होय?" त्यावर १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याचं कलम २१(४) काढून दाखवलं. ठेकेदारानं पगार दिला नाही किंवा कमी दिला, तर तो मूळ मालकाला द्यावा लागतो, नंतर ठेकेदाराकडून वसूल करत बसायचं. शेवटी खिसा तुमचाच असेल तर हिशेबही तुमच्याकडेच पाहिजे. एवढं पटलं आणि काम मिळालं.

५ जून

सकाळी पावणेसातला गेटवर. बोटाच्या ठशाचं मशीन भिंतीवर आहे, पण कंत्राटी लोकांसाठी वॉचमन अजून रजिस्टरच लिहितो. का, ते पाच मिनिटांत कळलं.

फेटलिंगचे एक मामा आले. अंगठा टेकवला, लाल दिवा. शर्टाला पुसून पुन्हा टेकवला, लाल. तर्जनी, लाल. "बोट लागंना झालंय बघा साहेब, आमचं कवाच लागत न्हाई." मी हात बघू का विचारलं. दिवसभर ग्राइंडर धरून कास्टिंगच्या कडा घासायच्या, वाळू झाडायची. बोटांची टोकं गुळगुळीत आणि टणक झालीत, रेघ म्हणून उरलेली नाही. मशीनला वाचायला तिथं काही नाहीच. मागं रांग रस्त्यापर्यंत गेलेली, मग वॉचमन "जावा, जावा" म्हणत सगळ्यांना आत सोडतो आणि नावं मागाहून आठवून लिहितो. वादाची मुळं त्या मागाहून लिहिलेल्या पानात आहेत.

चेहरा ओळखणारं मशीन लावायचं ठरलं. सकाळी त्यानं सगळे ओळखले. तीन वाजता पाळी सुटली तेव्हा चेहऱ्यांवर काजळी, आणि मशीन पुन्हा गप्प. उपाय साधा निघाला : बाहेर जायचं मशीन गेटवर न लावता हात-तोंड धुण्याच्या नळांच्या पुढं, सायकल स्टँडकडं जाणाऱ्या वाटेवर. गवंडीकामासह दोन तासांत झालं.

चेहऱ्याची माहिती साठवायची तर संमती घ्यायला हवी. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा अजून लागू झालेला नाही, पण त्याचा रोख तोच आहे. अर्ज मराठी आणि हिंदीत केला. निपाणी-चिकोडीकडची माणसं बरीच आहेत, म्हणून कन्नडही लागेल.

११ जून

कामगारांची मूळ यादी भरायला घेतली. ठेकेदारांनी दिलेल्या एक्सेल बघून डोकं धरायची वेळ आली.

एकच माणूस आधारवर बाळासाहेब, पीएफला बाळासो, बँकेत बाळासाब आणि मुकादमाच्या वहीत नुसता 'बाळू फेटलिंग'. आडनाव पाटील किंवा कांबळे असलं की वडिलांच्या नावाशिवाय भागत नाही. ओडिशा-बिहारच्या मुलांची तऱ्हा वेगळी. आधारवर नाव इंग्रजीत आणि त्यांच्या लिपीत, ते इथं कुणीतरी ऐकून मराठीत लिहिलेलं, त्यावरून पुन्हा इंग्रजीत. पीएफच्या पोर्टलवर नाव आधारशी जुळलं नाही की केवायसी अडकते. कामगाराला ते कळतं काम सोडून पैसे काढायला गेल्यावर.

म्हणून नावाला ओळख मानायचंच नाही. आपला स्वतःचा क्रमांक, सोबत बारा अंकी यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) आणि दहा अंकी ईएसआय (कामगार विमा) क्रमांक. आधार भरताना पूर्ण घ्यायचा, शेवटचा अंक व्हेरहॉफ पद्धतीनं तपासायचा (एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तरी पकडतो) आणि साठवायचे फक्त शेवटचे चार. आयएफएससीचं (बँक शाखेच्या कोडचं) पाचवं अक्षर नेहमी शून्य असतं. यादीत तिथं इंग्रजी 'ओ' लिहिलेले कितीतरी सापडले.

वहीतलं नाव मात्र वेगळ्या रकान्यात ठेवलंय, 'हाक' या नावानं. मुकादमाला पडद्यावर 'बाळू फेटलिंग' दिसलं नाही तर तो ही प्रणाली वापरणार नाही.

२१ जून

याद्या एकत्र केल्यावर एकच बँक खातं दोन ठेकेदारांकडे दिसलं. टायपिंगची चूक वाटली. पण तो खरोखर एकच मुलगा निघाला : हाऊसकीपिंगकडे पहिली पाळी, लोडिंगकडे तिसरी. दोन्ही ठेकेदारांना माहीत, मुकादमाला माहीत, वॉचमनला तर माहीतच. "पोरगं कष्टाळू आहे हो," एवढंच उत्तर.

कष्टाळू आहेच. पण मेख बघा. दोन्ही बिलांत तो रोज आठ तास, म्हणजे कागदावर ओव्हरटाइम शून्य. कारखाना मात्र एकच. १९४८ च्या कारखाने कायद्यानं दिवसाला नऊ किंवा आठवड्याला ४८ तासांवर काम गेलं की जादा तासांना दुप्पट दर. त्याचे दुपटीचे तास दोन ठेकेदारांच्या मधल्या फटीत गडप झाले होते. झोपेचं तर कुणी विचारतच नाही.

पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये नेमणुकीच्या तक्त्यावर तारखांच्या पट्ट्याचं एक्सक्लूजन कन्स्ट्रेंट घातलं. एका कामगाराच्या दोन नेमणुका तारखांनी एकमेकींवर चढूच शकत नाहीत. हे पडद्यावरच्या सूचनेनं केलं असतं तर 'ओके' दाबून पुढं गेले असते. डेटाबेसच नाही म्हणाला की गळ घालून उपयोग नसतो. मुलाला लोडिंगकडे एकच नेमणूक आणि ओटी (ओव्हरटाइम) दुपटीनं. हाऊसकीपिंगवाले आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

२ जुलै

किमान वेतनावरचा विशेष भत्ता १ जानेवारी आणि १ जुलैला बदलतो. दर लागू होण्याची तारीख आणि परिपत्रक हातात येण्याची तारीख एक नसते. दराच्या प्रत्येक ओळीला 'पासून' तारीख दिली, कुशल-अर्धकुशल-अकुशल वेगवेगळे. दर उशिरा भरला तर मागच्या दिवसांचा फरक आपोआप वेगळ्या पुरवणी बिलात. जुनं बिल उघडून बदलायची सोय ठेवलेली नाही, आणि ठेवणारही नाही.

११ जुलै

तिसरी पाळी. रात्री पावणेअकराला आत, सकाळी सव्वासातला बाहेर. मशीनच्या लेखी दोन वेगळे दिवस. हजेरीची तारीख पाळी सुरू झाली त्या दिवसाची, हा नियम. डबल मारणारा, म्हणजे सलग दोन पाळ्या करणारा माणूस मध्ये बाहेर पडत नाही, त्यामुळे एकच 'आत' आणि सोळा तासांनी 'बाहेर'. ते दोन पाळ्यांत तोडायचं आणि दुसरी सगळी ओटी.

आजवरच्या बिलांत ओटी सिंगल दरानं आहे. मॅडमनी हळूच विचारलं, दर बदलायची सेटिंग देता का. दिली नाही. मालकांना महिन्याचा फरक काढून दाखवला, तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मग डबल कमी लावा." हेही चालेल. नाहीतरी सोळा तासांनी ग्राइंडर कुठं नीट धरला जातो?

२६ जुलै

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ४३ फुटांची धोका पातळी ओलांडलीय. राजारामपुरीतल्या ऑफिसातून काम चालू आहे, शिरोलीला जायचा विचार सोडला. २०१९ आणि २०२१ ला महामार्गावरच पाणी आलं होतं, तेव्हा टाइम ऑफिसच्या काकांना दोन्हीकडं कुठंच जाता येईना झालेलं. ते आज सकाळपासून तासातासाला पाण्याची पातळी कळवताहेत, हजेरी नाही.

नदीकाठच्या गावांतली माणसं येऊ शकत नाहीत. प्रणालीत ती सरळ 'गैरहजर' पडली आणि ठेकेदारांच्या नावावर 'कमी पाठवले'. 'पूर' असा वेगळा कोड टाकला. तो ठेकेदाराच्या कामगिरीत धरायचा नाही आणि कामगाराच्या सलग हजेरीतही मोडता घालायचा नाही. त्या दिवसाचा पगार द्यायचा की नाही हे कंपनीनं ठरवायचं. तो निर्णय आम्ही कोडमध्ये दडवून ठेवणार नाही.

गेटवरच्या मशीनची माहिती तिथल्याच छोट्या संगणकावर साठते आणि लाइन आली की वर चढते. इंटरनेट दुपारपासून बंद आहे, बघू.

२९ जुलै

सगळं वर चढलं. एकही नोंद हरवली नाही.

७ ऑगस्ट

जुलैचं बिल समांतर काढलं : फेटलिंगवाल्यांचं त्यांचं आणि आपलं आपलं. हजेरीत फरक थोडा, पैशांत बराच. मॅडम, काका, ठेकेदार आणि मी, चौघं दुपारभर बसलो. मध्ये मिसळ मागवली गेली.

खरा वाद निघाला तो सेवाशुल्काचा. समजा एकाचा महिन्याचा पगार १४,००० रुपये. मालकाचा पीएफ १२ टक्के, त्यावर विमा अर्धा टक्का आणि प्रशासन खर्च अर्धा टक्का, मिळून १३ टक्के म्हणजे १,८२०. ईएसआय ३.२५ टक्के म्हणजे ४५५. बोनस ८.३३ टक्के म्हणजे १,१६६. बेरीज १७,४४१. सेवाशुल्क ७ टक्के ठरलंय, पण कशावर? पगारावर धरलं तर ९८०. या सगळ्या बेरजेवर धरलं तर १,२२१. माणशी २४१ रुपयांचा फरक, साठ माणसांचे महिन्याला साडेचौदा हजार, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. करारात फक्त 'सेवाशुल्क ७ टक्के' एवढंच लिहिलंय. ठेकेदार बेरजेवर लावत आला, कंपनी भरत आली.

ठेकेदार म्हणाले, "अवो, पीएफ भरायला माझा माणूस पोर्टलवर बसतोय, त्येचं कोण देणार?" मुद्दा चुकीचा नाही. अखेर पगार आणि ओटी धरून त्यावर शुल्क, आणि दर ७ वरून ८ टक्के. लेखी. प्रणालीत आता 'शुल्क कशावर' हा रकाना भरल्याशिवाय करार जतनच होत नाही.

बारीक फरक ईएसआयच्या पूर्णांकाचे होते. ईएसआयची रक्कम नेहमी वरच्या रुपयात जाते. १३,३८० वर कामगाराचे पाऊण टक्का १००.३५ होतात, तर कापायचे १०१. एक्सेल १०० करत होती. पीएफला मात्र जवळचा रुपया.

२३ ऑगस्ट

चलनांची तपासणी. ठेकेदार पीएफचं चलन जोडतो, त्यावर एकूण रक्कम असते. त्याचा पीएफ कोड एकच आणि माणसं चार कारखान्यांत. त्या रकमेत आपली माणसं आहेत की नाहीत हे चलनावरून कळणं अशक्य. आजपर्यंत चलन फायलीला लागलं की बिल पास होत होतं.

आता चलनासोबत ईसीआरची (पीएफच्या मासिक विवरणाची) मजकूर फाइल सक्तीची केली. तिच्यात प्रत्येक कामगाराची एक ओळ, रकान्यांच्या मध्ये हॅश-टिल्ड-हॅश. यूएएन धरून आपली माणसं वेगळी काढायची आणि त्यांचे बिनपगारी दिवस आपल्या हजेरीशी लावायचे. पहिल्याच फाइलीत काही जण आपल्याकडे पूर्ण महिना हजर, आणि ईसीआरमध्ये त्यांचे निम्मे दिवस बिनपगारी. निम्म्या पगारावर निम्मा पीएफ. आपल्या बिलात पूर्ण १३ टक्के घेतलेले.

नाव लिहीत नाही. मालकांनी ठेकेदाराला बोलावून घेतलं, दार लावून काय झालं ते मला ठाऊक नाही. फरकाचं चलन आठवड्यात भरलं गेलं. नियम असा बसवला : महिन्याचा पीएफ-ईएसआय पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो, म्हणून बिलातला तेवढा भाग ईसीआर जुळल्यावरच सुटतो. पगाराचा भाग अडवायचा नाही, नाहीतर ठेकेदार 'कंपनीनं पैसे दिले नाहीत' म्हणत कामगारांचा पगार थांबवतो.

१८ सप्टेंबर

काल अनंत चतुर्दशी. आज पहिल्या पाळीला निम्मे. मिरवणूक सकाळपर्यंत चालते हे शिरोलीत सगळ्यांना ठाऊक, तरी सुपरवायझरनं नेहमीची मागणी टाकली होती.

मालकांना ठेकेदारांना गुण द्यायचेत, शंभरपैकी. मी नको म्हटलं. एकच आकडा दिला की त्या आकड्यासाठी खेळ सुरू होतो. त्याऐवजी शेजारी शेजारी तीन रकाने : मागितले, पाठवले, टिकले. शेवटचा महत्त्वाचा. एक ठेकेदार मागणीइतकी माणसं रोज पाठवतो, पण दर आठवड्याला चेहरे नवे. नव्या माणसाला फेटलिंगला उभं करणं म्हणजे गॉगल लावायला शिकवण्यापासून सुरुवात.

१ ऑक्टोबर

ईएसआयचा नवा सहामाही काळ सुरू. मर्यादा २१,००० ची, पण मर्यादा बघताना ओटी धरत नाहीत आणि वर्गणी कापताना धरतात. शिवाय काळाच्या मध्ये पगार मर्यादेवर गेला तरी मार्चअखेर वर्गणी चालूच. एका ठेकेदारानं ओटी धरून २१,००० ओलांडले म्हणून ऑगस्टपासून तिघांना परस्पर काढलं होतं. तिघांनाही परत घेतलं. त्यातल्या एकाची बायको बाळंतपणाला आलेली, कार्ड बंद म्हणून खाजगीत जायची तयारी चालली होती.

२४ ऑक्टोबर

दिवाळी पुढच्या आठवड्यात. बोनस.

१९६५ च्या कायद्यानं वर्षात किमान तीस दिवस काम केलेल्याला बोनस, कमीत कमी ८.३३ टक्के. ठेकेदार तो दर महिन्याला बिलात लावून घेतो आणि दिवाळीला वाटतो. मधल्या काळात काम सोडून गेलेल्यांचं काय, हा प्रश्न मॅडमनी विचारला आणि आम्ही २०२३-२४ ची जुनी पगारपत्रकं प्रणालीत चढवली.

'बोनस बिलात आला, खात्यात गेला नाही' अशी यादी निघाली तीच काही पानं लांब. जूनमध्ये गावी गेलेले, पलीकडच्या कारखान्यात गेलेले, एक-दोन वारलेले. कंपनीनं पैसे दिलेत, माणसांना मिळालेले नाहीत, आणि मागायला कोण येणार? तीस दिवसांचा नियम कुणाला माहीत असतो? ठेकेदारांचं म्हणणं, "माणूसच सापडत न्हाई तर देऊ कुणाला?" पण खातं सापडतं की. पगार ज्या खात्यात जात होता तेच बहुतेकांचं चालू आहे.

ठरलं ते असं. यंदाचा थकलेला बोनस ठेकेदारांनी नोव्हेंबरअखेर खात्यात भरायचा, वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांची मुदत तिथंच संपते. पुढच्या वर्षापासून बोनस मासिक बिलात घ्यायचा नाही. हजेरीवरून प्रत्येकाच्या नावावर साठत जाईल, खात्यात जमा झाल्याचा बँकेचा तपशील आला की कंपनी ठेकेदाराला देईल. लोडिंगवाले सहीला आढेवेढे घेताहेत. दिवाळीचे पैसे आधी स्वतःच्या खिशातून घालायचे, ही त्यांची अडचण खरी आहे. त्यांच्यासाठी कंपनीनं उचल मंजूर केली.

१९ नोव्हेंबर

उद्या विधानसभेचं मतदान. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५ब नुसार मतदाराला भरपगारी सुट्टी, रोजंदारीवाल्यालाही. ठेकेदारांच्या एक्सेलमध्ये असली सुट्टी कधी नव्हतीच, 'काम न्हाई तर दाम न्हाई' एवढाच नियम. सुट्टीचा कोड टाकला. ओडिशा-बिहारच्या मुलांचं मतदान इथं नाही, मग त्यांचं काय? मालक म्हणाले, "सगळ्यांनाच द्या, त्यात काय भेद करायचा." सगळ्यांना दिली.

९ डिसेंबर

नोव्हेंबरचं बिल पहिल्यांदा फक्त आपल्या बाजूनं निघालं. ठेकेदारांच्या मोबाइलवर गेलं, दुरुस्तीला तीन दिवस. फेटलिंगवाल्यांनी मुकादमाच्या वहीच्या पानाचे फोटो जोडून चौदा दुरुस्त्या मागितल्या. नऊ मान्य झाल्या : धुण्याच्या जागेकडचं मशीन एका संध्याकाळी बंद होतं, काकांनी वॉचमनकडून खात्री केली. पाच अमान्य, कारण तीच माणसं त्या दिवशी दुसऱ्या कारखान्याच्या हजेरीत दिसली. ठेकेदार फोनवर हसले आणि म्हणाले, "तुमी लईच बारीक बघताय राव." सही केली.

साखर कारखाने आणि गुऱ्हाळं सुरू झालीत. लोडिंगची माणसं ऊसतोडीच्या वाहतुकीकडं गेली, मागणीच्या निम्मीच येताहेत. राहिलेलं काम : कामगार कल्याण निधीची डिसेंबरची कपात (जूनची ठेकेदारांनी केलीय का तेही बघायचं), फेब्रुवारीला व्यवसाय कर दोनशेऐवजी तीनशे, कन्नड संमती अर्जाची छपाई, आणि १ जानेवारीच्या भत्त्याआधी फरकाच्या बिलाची एकदा पूर्ण चाचणी. गुरुवारी काकांसोबत बसायचंय, त्यांना हजेरीचा कागदी छापा रोज सकाळी टेबलावर हवाय.